‘तो म्हणाला’ आणि ‘ते म्हणाले’

पत्र : सर, मी डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातील एका गावची. वडिलांचा स्वतःचा ट्रक होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा तो अंगणात येऊन थांबला आणि पुढची कित्येक वर्षे ताडपत्रीखालीच राहिला. आमचे घर भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत असून मुंडकारीचा, म्हणजे त्या जमिनीतल्या घराच्या हक्काचा, दावा आजोबांच्या काळापासून मामलेदार कचेरीत आहे. सरकारी मराठी शाळेत शिकून मी पणजीतल्या एका मराठी दैनिकात आले. तीन वर्षे राजकीय बातम्या करते आणि दर रविवारी एक स्तंभ लिहिते. पत्रकार परिषदेत मंत्री इंग्रजी पत्रांच्या प्रतिनिधींशी अदबीने बोलतात, मला मात्र ‘तुझा पेपर कुठला गो?’ असे विचारतात. माझ्या स्तंभातला राग वाचकांना आवडतो. पण गेल्या महिन्यात एका उमेदवाराविषयी मी लिहिलेला ‘तो’ संपादकांनी सगळीकडे ‘ते’ केला, आणि एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “तुझ्या लिखाणाला पोटदुखीचा वास येतो.” सोबत दोन कात्रणे पाठवते. हा माझा आवाज आहे की पोटदुखी? आणि ती काढून टाकली, तर माझ्या लिखाणात उरते काय? – एक बातमीदार, डिचोली

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा आणि कात्रणे तीनदा वाचली. आधी त्या ‘पोटदुखी’चे पाहू. हा शब्द आपल्याकडे नेहमी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीकडे जातो. अग्रलेखातून मासेविक्रेत्या बायकांना शिस्तीचे धडे दिले, परप्रांतीय मजुरांच्या झोपड्यांवर ताशेरे ओढले किंवा पंचायत निवडणुकीत मते विकणाऱ्या गरिबांची कानउघाडणी केली, की त्याला परखडपणा म्हणतात. तीच धार उलट्या दिशेने वळली की पोटात दुखू लागते. तेव्हा तुमच्या सहकाऱ्यांचा शब्द निकाल म्हणून स्वीकारू नका. मात्र तो टाकूनही देऊ नका, कारण पहिल्या कात्रणात त्यांना काहीतरी खटकले आहे आणि ते मलाही खटकले. त्यांनी त्याला नाव चुकीचे दिले, एवढेच.

तुमचा संपादकांशी झालेला वाद एका सर्वनामावरून झाला आणि तो वरवर वाटतो तितका क्षुल्लक नाही. मराठी भाषेने बातमीदाराच्या हातात एक हत्यार ठेवले आहे, ज्याचा आपण दिवसभर वापर करतो आणि ज्याकडे क्वचितच पाहतो. आपल्या क्रियापदातच माणसाची पायरी दिसते. मंत्री ‘म्हणाले’, संशयित ‘म्हणाला’. ट्रकचालकाने दुचाकीला ठोकर दिली आणि ‘तो पळून गेला’. उद्योजकांच्या मोटारीची दुचाकीला धडक बसली आणि ‘ते घटनास्थळावरून निघून गेले’. मोलकरणीने दागिने लांबवले, ‘तिला’ अटक झाली. पतसंस्थेच्या माजी संचालकांनी ठेवी वळवल्याचा आरोप आहे, ‘त्यांची’ चौकशी सुरू आहे. कृत्य तेच, कधी कधी कलमही तेच, पण एकाला एकवचन आणि दुसऱ्याला आदरार्थी बहुवचन. हे कोणी कोणाला शिकवलेले नसते. रात्री अकरा वाजता पान सोडायच्या घाईत असलेल्या उपसंपादकाच्या बोटांतून ते आपोआप उतरते.

माझ्याही उतरले आहे. फार वर्षांपूर्वी, मी ज्या दैनिकात होतो तिथे, नळाला पाणी नाही म्हणून घागरी घेऊन रस्त्यावर बसलेल्या एका वाड्यावरच्या बायकांची बातमी मी केली आणि त्यात ‘जमाव’ असा शब्द वापरला. त्याच दिवशी राजधानीतल्या एका वसाहतीतील मंडळी कचऱ्याच्या प्रश्नावरून पालिकेत घुसली होती, त्यांना मी ‘संतप्त नागरिक’ म्हटले. दोन्ही बातम्या एकाच पानावर, एकीखाली एक लागल्या. दुसऱ्या दिवशी तिंट्यावर (बाजारात) मासळी घ्यायला गेलो, तर त्या वाड्यावरची एक बाई पाटीमागे बसली होती. तिने बांगडे मोजता मोजता, मान वर न करता विचारले, “आमी जमाव, आनी तीं नागरीक?” मला उत्तर देता आले नाही. बांगडे मात्र तिने बरोबर मोजून दिले.

आता तुमचा ‘तो’. दक्षिण गोव्यातल्या त्या उमेदवाराला तुम्ही ‘तो’ लिहिले, कारण ट्रकचालकाला जिथे उभे केले जाते तिथे एकदा त्यालाही आणून उभे करावे असे तुम्हाला वाटले. ती भावना मला कळते. पण वाचकाला त्यात न्याय दिसत नाही, फक्त चिडलेली लेखणी दिसते, आणि मग त्या लेखणीने पुढे काहीही खरे लिहिले तरी ते ‘चिडून लिहिले’ या खात्यावर जमा होते. तुमच्या संपादकांनी ‘ते’ केले ते योग्यच केले, पण काम अर्धेच केले. उरलेला अर्धा भाग तुम्ही मागा. उद्या अपघाताची बातमी आली आणि चालकाचा गुन्हा सिद्ध झालेला नसला, तर ‘ते घाबरून निघून गेले, नंतर पोलिसांसमोर हजर झाले’ असे लिहून द्या आणि डेस्कने ते एकवचनात आणले की कारण विचारा. कारण कोणालाच सांगता येणार नाही. महिनाभर हसतील, मग एखादा तरुण उपसंपादक तसे लिहू लागेल. या भांडणात तुमचा राग कामी येईल, कारण ते रोज करावे लागते आणि ज्याला राग नाही तो तिसऱ्या दिवशी कंटाळतो.

अवतरणचिन्हांचेही तसेच. पर्वरीला विधानसभेच्या सभागृहात एखादे आमदार कोकणीत सुरुवात करतात, इंग्रजीत अडखळतात आणि मराठीत वाक्य अर्धवट सोडून खाली बसतात. आपण त्याचे सुबक, पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापद असलेले मराठी वाक्य करून छापतो. त्याच पानावर सत्तरी तालुक्यातली बाई बोलली की तिची कोकणी जशीच्या तशी ठेवतो आणि त्याला ‘अस्सल मातीचा गंध’ म्हणतो. शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जागेला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांची आणि पोलिसांची ६ जानेवारी २०२१ रोजी झटापट झाली आणि १५ जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी प्रकल्प तिथून हलवण्याची घोषणा केली, त्या मधल्या नऊ दिवसांची कात्रणे काढून पाहा. कोणाचे म्हणणे मुद्दा म्हणून छापले आहे आणि कोणाचे म्हणणे आक्रोश म्हणून, हे तुम्हीच ठरवा. एक तर दोघांची भाषा दुरुस्त करावी किंवा दोघांची तशीच ठेवावी. (मी स्वतः दोघांची थोडी थोडी दुरुस्त करण्याच्या बाजूचा आहे, अडखळणे छापून कोणाचेच भले होत नाही.)

पहिल्या कात्रणाकडे येतो. त्यात उमेदवाराचे जुने पोर्तुगीज धाटणीचे घर आहे, बाल्कांवातली (दारापुढच्या सोप्यातली) वेताची खुर्ची आहे, लिननचा चुरगळलेला सदरा आहे, परदेशी जातीचा कुत्रा आहे, ‘तोंडात बटाटा ठेवून बोललेले’ इंग्रजी आहे. वाचताना मजा येते, नाकारत नाही. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, कुत्र्याच्या शेपटीमागे लपल्यासारखे एक वाक्य आहे : या कुटुंबाच्या भातशेतीचा काही भाग अलीकडे वस्तीच्या विभागात गेल्याचे गावात बोलले जाते. अहो, बातमी ती होती! तुमच्या रागाने तुम्हाला बरोबर त्या दारापर्यंत नेले आणि दारात पोचल्यावर तुम्ही खुर्चीचे वर्णन करत बसलात. गोव्याच्या नगरनियोजन कायद्यात २०२३ मध्ये १७(२) आणि २०२४ मध्ये ३९(अ) ही कलमे आली. जमिनीच्या एकेका तुकड्याचा विभाग बदलण्याची, शेतीचा वस्तीचा करण्याची, वाट त्यांतून निघाली आणि १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये रद्द ठरवले. ३९(अ) खालच्या बदलांसाठी हरकती मागवल्या जातात, त्यात सर्व्हे क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा (आपल्याकडचा सातबारा) कोणालाही पाहता येतो. ‘गावात बोलले जाते’ या तीन शब्दांच्या जागी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ आणि तारीख आली असती, तर त्या माणसाला ‘तो’ म्हणण्याची गरजच उरली नसती. ‘ते’ म्हणूनही त्यांना घाम फुटला असता. शिवाय उताऱ्यावर काहीच सापडले नसते, तर गावगप्पा छापण्याच्या दोषातून तुम्ही वाचला असता, हेही आहे.

आपल्यापेक्षा कितीतरी मोठा आणि कितीतरी रास्त राग छापून निघालेला मराठीने पाहिला आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले तेव्हा शीर्षभागी तुकोबांचे शब्द होते : ‘काय करूं आतां धरूनियां भीड । नि:शंक हें तोंड वाजविलें ॥’ तोंड वाजवण्याची अशी उघड प्रतिज्ञा केल्यावर पहिल्याच अंकात ते काय करतात पाहा. ते हिंदू समाजाचे चित्र एका मनोऱ्यासारखे काढतात. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला शिडीच नाही. वरच्या मजल्यावरच्या माणसाचा सदरा कसा आहे, हे ते सांगत बसत नाहीत. इमारतीचा नकाशा दाखवतात, आणि नकाशा पाहिल्यावर वरच्या मजल्यावरच्यालाही ‘हे पोटदुखीने लिहिले’ असे म्हणून सुटता येत नाही. भीड सोडणे आणि तोल सोडणे यांत फरक आहे, आणि तुमच्या पहिल्या कात्रणात तोल सुटला आहे.

तरीही, खरे सांगायचे तर, मला जास्त चिंता दुसऱ्या कात्रणाची वाटते. ते तुम्ही अभिमानाने पाठवले आहे असे दिसते. त्यात तुमच्याच भागातले आमदार आहेत. चतुर्थीला ते घरोघर जातात, माटोळीखाली (गणपतीवर फळाफुलांनी सजवलेल्या छताखाली) मांडी घालून बसतात, रांधपाच्या खोलीत डोकावून ‘आई, चाय हाड’ म्हणतात, ट्रकवाल्यांना नावाने ओळखतात. ‘मातीतला माणूस’ असा मथळा आहे. आणि गंमत अशी की तिथेही तुम्ही ‘तो’च लिहिले आहे, पण हा ‘तो’ आपण विठोबाला म्हणतो तसला, प्रेमाचा. हा ‘तो’ संपादकांनी तसाच ठेवला आणि तुम्हीही त्याविषयी काही बोललेल्या नाहीत. या सबंध लेखात त्यांच्या मालमत्तेचा एक आकडा नाही. खाणी सुरू व्हाव्यात यासाठी भाषणे करणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे किंवा कुटुंबाचे खनिज वाहतुकीत काही हितसंबंध आहेत का, हा प्रश्नदेखील नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांनंतर प्रत्येक उमेदवाराला मालमत्तेचे शपथपत्र द्यावे लागते. २०१७ चे आणि २०२२ चे शेजारी शेजारी ठेवायला एक दुपार पुरते. दक्षिणेतल्या उमेदवाराच्या कुत्र्याची जात तुम्हाला ठाऊक आहे, आणि आपल्या माणसाच्या शपथपत्रातला एकही आकडा ठाऊक नाही. तुमच्या रागात खोट आहे ती इथे. तो ज्याला झोडपतो त्याचे फारसे बिघडत नाही, पण ज्याला सोडून देतो त्याचे फावते.

हे गोव्यात तर आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, आणि भाटकारशाहीखाली पिचलेल्या बहुजन समाजाचे ते ‘भाऊ’ होते. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, ती याच दबलेल्या रोषामुळे. त्यातून १९६४ चा कूळ कायदा आला, खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. तुम्ही ज्या शाळेत शिकलात ती कदाचित त्यांतलीच असेल. रोष खरा होता, नेता त्या रोषाला जागला, आणि तरीही तो नेता श्रीमंत होता. या तिन्ही गोष्टी एका वाक्यात आणणे हे राजकीय बातमीदाराचे काम. जे त्यांच्या अनुयायांना अडाणी समजले त्यांना ते जमले नाही, आणि जे भक्तिभावाने लिहीत राहिले त्यांनाही नाही. मतदार मात्र दोघांपेक्षा शहाणे निघाले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली, भाऊंच्या पक्षाचा मुख्य मुद्दाच फेटाळला गेला, आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच लोकांनी भाऊंना पुन्हा मुख्यमंत्री केले. लोकांचा राग एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे असू शकतो. केवळ आपल्या रागाच्या चष्म्यातून पाहणाऱ्या बातमीदाराला असा निकाल आदल्या दिवशी दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ लागत नाही.

आणखी एक, जरा अवघड गोष्ट. गोव्यातली वृत्तपत्रे मुक्तीनंतर खाण उद्योगातल्या घराण्यांच्या आधाराने उभी राहिली, हा इतिहास आहे. ‘गोमन्तक’ १९६२ मध्ये चौगुल्यांनी आणि ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ मध्ये धेंप्यांनी सुरू केले. यात कोणावर आरोप नाही. ती पत्रे नसती तर आपण दोघेही आज हे लिहीत-वाचत नसतो. पण तुम्ही स्वतःला एक प्रश्न विचारावा असे मला वाटते. तुमचा कोणता राग बिनबोभाट छापला जातो आणि कोणता अडतो? बाल्कांवातल्या माणसाची खिल्ली पटकन छापली जाते, कारण तिची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. तुमच्या दैनिकाच्या जाहिरातदाराविषयी, किंवा तुमच्याच गावातल्या कंत्राटदाराविषयी तेवढ्याच तिखटपणे लिहून पाहा.

‘उरते काय?’ असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. ‘तो अंगणात येऊन थांबला आणि पुढची कित्येक वर्षे ताडपत्रीखालीच राहिला.’ दोन्ही कात्रणांत मिळून इतके चांगले वाक्य नाही. त्यात एकही विशेषण नाही, कोणाला शिवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली तेव्हा पणजीतून लिहिणाऱ्यांनी टनांत आणि महसुलात लिहिले. मीही तसेच लिहिले असते, कारण त्या ताडपत्रीखाली उंदरांनी सीट कुरतडलेली मी पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली असणार. कर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला जातो, मामलेदाराकडची तारीख पुढे ढकलली की आजोबा घरी येऊन काय बोलत, हे तुम्हाला ठाऊक आहे. हे ज्ञान रागाबरोबरच आले आहे आणि राग निवला तरी ते राहते. फक्त त्याच ज्ञानाने पलीकडेही पाहा : तुमच्याच तालुक्यात, शिरगावसारख्या गावांत, खाणींमुळे विहिरी आटल्या आणि शेतांत खाणमाती साचली, तिथल्या शेतकऱ्याला २०१२ चा सप्टेंबर तुमच्या वडिलांसारखा आठवत नाही. त्याच्या अंगणातही एकदा जाऊन बसा.

मुंडकारीच्या दाव्याविषयी थोडक्यात सांगतो. १९७५ च्या मुंडकार कायद्यावर, त्यातल्या दुरुस्तीवर किंवा कोणा भाटकाराच्या खटल्यावर लिहिण्याआधी स्वतःच्या घरचा दावा चालू असल्याचे संपादकांना लेखी कळवा, आणि स्तंभात लिहायचे असेल तर वाचकालाही सांगा. सांगून लिहिलेत तर ते तुमचे बळ होईल. न सांगता लिहिलेत आणि उद्या कोणी शोधून काढले, तर तुमची तीन वर्षांची मेहनत एका दुपारी वाहून जाईल.

आता मंत्र्यांचे ‘गो’. कोकणीत ‘तूं’ घरोब्याचेही असते, आईलाही आपण ‘तूं’च म्हणतो, आणि मंत्री नेमके याच आडोशाला उभे राहतील. पण तोच घरोबा ते इंग्रजी पत्राच्या प्रतिनिधीला दाखवत नाहीत, तेव्हा तुमचा अंदाज बरोबर आहे. त्यावर स्तंभ लिहू नका. आपल्या अपमानावर लिहिलेला स्तंभ मंत्र्यांना हवाच असतो, त्यात मूळ प्रश्न बुडतो. पुढच्या वेळी उभे राहून आपले आणि पत्राचे नाव सांगा, त्यांना ‘तुम्ही’ म्हणा, आणि तारीख-आकड्यासह असा प्रश्न विचारा की शेजारच्या इंग्रजी पत्राच्या बातमीदाराला तुमच्याकडून वहीत उतरवून घ्यावा लागेल. उत्तर मिळो न मिळो, बातमीत ‘मंत्री म्हणाले’ असेच लिहा.

दुसरे कात्रण परत पाठवत आहे. ‘तो’ जिथे जिथे आला आहे तिथे पेन्सिलीने वर्तुळ केले आहे, आणि माटोळीचा परिच्छेद संपतो तिथे समासात रिकामी चौकट आखली आहे. तिच्यात दोन शपथपत्रांतले दोन आकडे येतील. ते भरून लेख पुन्हा लिहून पाहा. माटोळी काढू नका, ती खरी आहे.